बेसूर रडण्याविषयी

एर्मेलिंदा कुलासो. पोस्टरवर नुसतं लिंडी.
मी तिचा साउंडवाला, कुडचड्याचा शाबू च्यारी.
सत्तावीस वर्षं तिचा आवाज माझ्या बोटांखालून गेला.
तिच्या नवऱ्याला तो जेवढा ठाऊक असेल
त्याहून दोन डेसिबल मला जास्तच ठाऊक.

बँडचं नाव होतं मँगनीज.
तेव्हा खनिजाचे ट्रक रात्रंदिवस सावर्ड्याला उतरत,
गिटारच्या तारांवरही तांबडी धूळ बसे.
ड्रमवाला झेवेरिन दिवसा वजनकाट्यावर कारकून.
पहिली बिदागी केप्यातल्या एका लग्नाची :
तीनशे रुपये आणि घरी न्यायला सोरपोतेलाचा डबा.
दुसऱ्याच गाण्यात वीज गेली.
ती थांबली नाही.
माईकशिवाय मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली,
तिथे बसलेले फादर उठून उभे राहिले,
का, ते त्यांनाही नंतर सांगता येईना.
मी मात्र त्या रात्री जरा बेकार झालो.

मग मडगावचे तियात्रवाले आले.
पात्रांवना गाणारी हवी होती,
सोबत धाकट्या मुलीची भूमिका गळ्यात पडली.
पडदा पडला की ती पडद्यापुढे येई,
पंचायतीच्या रस्त्यावर गाई, आमदाराच्या पोटावर गाई,
वन्स मोअर घेई, आणि परत आत जाऊन
आईच्या शवपेटीपाशी बसे.
तिथेच अडलं.

ती सुरात रडायची.
हुंदका नेमका पंचमावर जाई,
उतरताना कोमल निषादाला उगाच हात लावून येई.
लोक टाळ्या वाजवत. मेलेली आईसुद्धा
एकदा बोटानं ताल धरताना सापडली.
पात्रांव कपाळ बडवून घेत :
"बाय, बेसूर रड गो. देवाची आण आहे तुला."
तिला येईना.
घरी आरशापुढे बसून ती
बेसूर होण्याचा रियाझ करी.

पुढे मुंबईची सीरियल. तीन वर्षं शेजारची मावशी :
फुलाफुलांचा फ्रॉक, हातात पेला, दर वाक्याला "मॅन".
लिंडी थेंबभर घेत नाही, फ्रॉक शाळेनंतर घातला नाही.
त्या पैशांतून भावाचं एजंटाचं देणं फिटलं.

मग सिनेमा. भूमिका : क्लबात गाणारी बाई.
आम्ही मँगनीजवाले टेम्पो करून थिएटरात गेलो.
पडद्यावर तिनं तोंड उघडलं
आणि आतून दुसरीच कुणी गाऊ लागली,
गोड, पातळ, विशीतली.
उसन्या चपलेसारखा तो आवाज
तिच्या ओठांवर पुढे-मागे होत राहिला.
झेवेरिन मोठ्यानं हसला. मग गप्प झाला.
ती शेंगा सोलत होती,
एकही खाल्ली नाही, रुमालात ढीग झाला.
म्हणाली, "ॲक्टिंग बरी झालीय ना रे?"
खरंच बरी झाली होती.

खाणी थांबल्या. वजनकाटा गंजला.
झेवेरिन गेला तो मे महिन्यात.
इगर्जीत तिनं गावं असं ठरलं, मी स्पीकर लावले.
पहिली ओळ नीट. दुसरीला सूर सुटला,
धावत्या ट्रकवरची ताडपत्री सुटावी तसा,
फडफडत, कुठल्याच पट्टीत नाही.
माझं बोट फेडरवर होतं. सवय, खाली ओढायची.
ओढलं नाही.
मागच्या बाकावर पात्रांव, ऐंशी पार, एका कानानं बहिरे,
मला कोपर मारून म्हणाले, "ही कोण रे?"

परवा दुकानात आली, माईकची जाळी चेपलीय म्हणून.
नवा तियात्र आहे, आजीची भूमिका.
"दुसऱ्याच प्रवेशात मरते. सुटले रडण्यातून."
जाळी सरळ करता करता मी विचारलं, गाणी?
"दोन."
मरायच्या आधी?
"नाही रे," ती म्हणाली, "नंतर."